आतल्या चाकाचा आवाज

जावयाने नवी गाडी घेतली तेव्हा पहिल्यांदा मलाच पुढे बसवलं. पेणहून निघालो आणि वडखळच्या अलीकडे त्याच्या समोर एक पिवळा दिवा पेटला, वर ट्यूं ट्यूं वाजायला लागलं. म्हटलं, "हे काय आता?" जावई म्हणाला, "काही नाही आई, मागच्या चाकात हवा कमी झालीय. गाडीच सांगते." गाडीच सांगते! मला एवढा राग आला की काय सांगू. कोणाचा राग, ते त्या बिचाऱ्याला कसं कळणार? तो एसी वाढवू का म्हणून विचारायला लागला. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले. लेक मागून म्हणाली, "आईला गाडी लागते." लागू दे. डोळ्यातलं पाणी गाडी लागल्याचंच आहे असं समजू दे त्यांना.

नव्वद सालानंतरची तीन-चार वर्षं. धरमतरच्या खाडीला लागून आमचं गाव. आमचे हे पेणच्या एका शेठच्या गाडीवर ड्रायव्हर होते. गाडी म्हणजे मिलिट्रीच्या लिलावातून आणलेला जुना ट्रक. त्याच्या पुढच्या चाकांनाही जोर होता. दुसऱ्या गाड्या ज्या खारात, म्हणजे खाडीकाठच्या चिखलाच्या जमिनीत, रुतून बसायच्या तिथे हा रेड्यासारखा घुसायचा. फुटलेल्या बंधाऱ्याला माती नेऊन टाकायची, मिठागरातलं मीठ बाहेर काढायचं, आणि आठवड्यातून दोनदा मिठाच्या गोणी रोह्याला धाटावच्या एका कंपनीत पोचवायच्या, असं कायम चालू असायचं.

खारात गाडी घालायची तर आधी चाकातली हवा कमी करायला लागते. चाक जरा पसरलं की चिखलात रुतत नाही. पण तेच चाक भरलेली गाडी घेऊन रस्त्याने पळालं तर तापतं आणि फुटतं. म्हणून खारातून बाहेर आलं की परत हवा भरायची. गाडीच्याच टाकीला नळी लावून भरता यायची. पण किती भरली ते कळायला मीटर पाहिजे, आणि आमच्याकडच्या खाऱ्या हवेत मीटर टिकायचा नाही. दोन महिन्यांत काटा गंजून एका जागी चिकटायचा. शेठने दोनदा नवा आणून दिला. तिसऱ्यांदा मागितला तर म्हणाला, "तुझ्या कानाला काय झालंय?"

कान म्हणजे असं. लोखंडी सळीने टायरवर एक टोला द्यायचा. हवा पुरती असेल तर सळी हातात उसळते आणि टण्ण वाजतं. कमी असेल तर नुसतं भद्द. सगळे जुने ड्रायव्हर असंच करायचे. पुढची दोन चाकं डोळ्यांनीसुद्धा कळतात. मागची मात्र जोडीने असतात, एकाला लागून एक. बाहेरचं दिसतं, आतलं दिसत नाही. आतलं बसलं तरी बाहेरचं एकटं भार घेऊन उभं राहतं, आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणून आतल्या चाकाला वाजवून ऐकण्यावाचून इलाज नाही. आमचे हे त्यात पटाईत होते. टोला मारायचा अवकाश, कुठल्या चाकाला किती पाहिजे ते सांगायचे.

आणि त्यांचेच कान गेले.

मला आधी कळलंच नाही. मी हाका मारायचे, हे ढिम्म. मला वाटायचं मुद्दाम करतात. नवरा बायकोचं ऐकत नाही यात नवल ते काय! मी भांडी आपटायचे, त्याचाही उपयोग नाही. रेडिओ एवढा मोठा लावायचे की शेजारीण ओरडायची. मग एक दिवस सकाळी मी खळ्यावर आले तर हे त्याच त्याच चाकावर सळी मारतायत, दहादा, बारादा. मधेच टायरवर तळहात ठेवतात, तोंड जवळ नेतात, परत मारतात. मला बघितल्यावर चोरी पकडल्यासारखे उभे राहिले.

"अगो, जरा इकडं ये," म्हणाले. "ह्याचा आवाज कसा येतो तो सांग."

"भद्द येतोय. का, तुमाला येत नाय?"

माझ्या तोंडाकडे बघत होते. ओठ वाचत होते मेले! मी परत मोठ्याने बोलले तेव्हा मान हलवली. आदल्या पावसाळ्यात ताप आला होता, त्यात उजवा कान पार गेला होता आणि डावा निम्मा. पेणच्या डॉक्टरला एकटेच जाऊन दाखवून आले होते. तो म्हणाला, हे बरं होण्यातलं नाही, यंत्र लावा. यंत्र लावून फिरणाऱ्या ड्रायव्हरच्या हातात गाडी कोण देणार? मला त्या क्षणी त्यांची इतकी दया आली, आणि तितकाच संतापही आला की वर्षभर माझ्यापासून लपवलं.

"आणि रस्त्यात हारन वाजला तर?" मी विचारलं.

"आरशात दिसतं. इंजिन मला बसल्या जागी कळतं. चाकाचं तेवढं कळत नाय." मग सळी माझ्यापुढे धरून म्हणाले, "तू वाजवशील?"

वाजवीन म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सळी मला जड जायची, मनगट दुखायचं. म्हणून मी धुण्याचं धोपाटणं घेतलं. त्याचा आवाज वेगळा यायचा पण मला तो लवकर ओळखता यायला लागला. गाडी रोह्याला निघायची त्या सकाळी मी सहाही चाकं वाजवायचे, मागच्या आतल्या चाकांसाठी गाडीखाली वाकून शिरायचे, आणि बाहेर येऊन हात वर करायचे. हात वर म्हणजे ठीक. बोटं दाखवली तर तेवढ्या नंबरच्या चाकात हवा भरा. महिन्याभरात मला चाकांचे स्वभाव कळले. कुठलं रात्रीतून थोडं सोडतं, कुठलं जुनं आहे म्हणून कितीही भरलं तरी आवाज खालचाच लागतो. मला मनातून फार बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, गर्वच झाला होता. चूल आणि खार सोडून मला दुसरं काही येतं हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

लोक विचारणारच. ड्रायव्हरची बायको धोपाटणं घेऊन गाडीला कशाला बडवते? मी ठोकून दिलं, देवीला नवस बोललेय, यांची गाडी निघण्याआधी सहाही चाकांना हात लावीन. सगळ्यांना पटलं. सासूला तर एवढं पटलं की ती दर वेळी चिमूटभर हळदकुंकू माझ्या तळहातावर ठेवायला लागली. "बाय माझी, नवऱ्यासाठी किती करतंस गो," म्हणायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण हळदकुंकू मी चाकांना लावायचे. काय करू, नवसाची म्हटल्यावर लावायलाच पाहिजे.

एकाच माणसाचा विश्वास नव्हता, माझ्या धाकट्या दिराचा. तो धाटावला कंपनीत होता, आणि त्याची दिवसाची शिफ्ट असली की आमच्या गाडीने जायचा. नाहीतर सायकल मारत कासू स्टेशनला जाऊन रोह्याची रेल्वे पकडायला लागायची. केबिनमध्ये इंजिनाची धग लागते म्हणून हा वर गोणींवर बसायचा, डोक्याला टॉवेल गुंडाळून. मी चाकाखाली वाकले की वरून सुरू व्हायचा.

"वयनी, नाडी लागतेय का पेशंटची?"

"गप बस, नायतर चालत जा धाटावला."

"अगो, देवीला सांग ना, आमच्या सुपरवायझरला पण एक धोपाटणं घाल!"

त्याचं लग्न ठरवायचं चाललं होतं. मुलगी बघून आला की माझ्याच कानाशी येऊन सांगायचा, कशी होती, काय बोलली. सासूचा तो शेवटचा, शेंडेफळ. तिचा जीव त्याच्यात होता, आणि ते ती लपवायची नाही. ह्यांनाही ते माहीत होतं. कधी मनाला लावून घेतलं नाही त्यांनी.

त्या आठवड्यात उधाणाने बंधारा फुटला. खारं पाणी शेतात शिरलं की तीन वर्षं तिथे गवत उगवत नाही, म्हणून सगळं गाव बंधाऱ्यावर. गाडी चार दिवस चिखल वाहत होती. आमचा चिखल काळा आणि चिकट, ओला असताना लोण्यासारखा, उन्हात वाळला की दगड. गाडी खारातून बाहेर आली की जोडीच्या चाकांमधला चिखल पहारीने काढायचा असा ह्यांचा नेम होता. पाचव्या दिवशी रोह्याची खेप होती. कंपनीचे दोन निरोप येऊन गेलेले. चार दिवस हे धड झोपले नव्हते. बाहेरून चाकं खरवडली, धुतली, हवा भरली. जोडीच्या मधला चिखल तसाच राहिला. मी ते बघितलं होतं. मला वाटलं, चिखलाने काय होतंय?

मी वाजवायला वाकले. दीर वर बसून घाई करत होता, शिफ्ट चुकेल म्हणून. पुढची दोन ठीक. डावीकडची दोन ठीक. उजवीकडचं बाहेरचं ठीक. उजवीकडचं आतलं वाजवलं तर टण्ण! इतका चांगला आवाज त्या चाकाचा मी कधी ऐकला नव्हता. ते जुनं चाक, नेहमी खालचा आवाज काढणारं. मला शंका यायला पाहिजे होती. मला उलट आनंद झाला की आज ह्यांनी बरोबर हवा भरली. मी बाहेर आले आणि हात वर केला. दिराने वरून मला सलाम ठोकला.

ऊन डोक्यावर यायच्या आत एक माणूस सायकलवरून कासूकडून आला. मी अंगणात सुकत घातलेली मासळी पालथी करत होते. तो सायकल टाकून आधी सासूकडे गेला. टायर फुटला होता, गाडी रस्ता सोडून शेतात कलंडली होती. हे केबिनमध्ये होते म्हणून खरचटण्यावर निभावलं. दीर गोणींसकट फेकला गेला. पेणला नेईपर्यंत राहिला नाही.

पंचनाम्याला पोलिसांनी विचारलं, चाकं तपासली होती का? हे म्हणाले, "नाय. घाई होती, वाजवलीच नाय." घरी आल्यावर सासूने विचारलं तेव्हाही तेच म्हणाले. मी दारात उभी होते. मला वाटलं डोकं फिरलंय ह्यांचं. मी स्वतः वाजवली होती, सहाच्या सहा! मी तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझा शब्दच गिळला गेला. सासूने त्यांच्या छातीवर बुक्के मारले. "बायको तुझी रोज चाकांना हात जोडते, आणि तू बघत नाय? आळशानं माझा पोर खाल्ला!" हे मान खाली घालून मार खात होते. तिचा आवाज त्यांना कितीसा ऐकू आला असेल, देव जाणे. पण ओठ तर दिसत होते.

बारावं झाल्यावर आम्ही वडखळला टायरवाल्याकडे गेलो. गाडी ओढून त्याच्या दारात आणून ठेवली होती, केबिनमधलं ह्यांचं सामान घ्यायचं होतं. टायरवाला म्हातारा होता, हातात छिन्नी घेऊन उजवीकडचं आतलं चाक सोडवत होता. मधला चिखल फोडला तर ही एवढी मोठी ढेकळं पडली. आतल्या टायरात खिळा होता, भरलेली हवा गाडी निघण्याआधीच निघून गेली होती. बाहेरचं एकटं सगळा भार घेऊन पळालं, तापलं आणि फुटलं.

"आतलं आधीच बसलेलं," तो म्हणाला. "पण चिखल असा घट्ट भरला ना, की वाजवलं असतंस तरी भरल्यासारखंच वाजलं असतं."

ह्यांना ते ऐकू आलं नाही. मला आलं. मी त्या ढेकळांपाशीच खाली बसले. हे माझ्याजवळ वाकून बसले, आणि मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. चिखल वाजत होता. मी चिखलाला हवा म्हटलं. मी हात वर केला.

त्यांनी पडलेलं एक ढेकूळ उचलून बघितलं. मग म्हणाले, "मला तवाच वाटलेलं, काय तरी चुकलं. तू तोंड मिटून ऱ्हा."

"का म्हणून? आयला सांगते मी. माझ्यामुळं झालंय!"

"आय मला घराभायेर काढणार नाय. मी तिचा पोर हाय. तुला काढील. पोरी लहान हायत." आणि उठून आपल्या वहाणा आणि डबा घेऊन चालायला लागले.

मी गप्प राहिले. हे मी माझ्या तोंडाने सांगतेय. दोन लहान मुली होत्या, माहेर गरीब होतं, ही सगळी कारणं खरी आहेत, पण त्याहून खरं हे की मला भीती वाटली. ह्यांची गाडी गेली, लायसन गेलं. मिठागरावर मीठ ओढायच्या कामाला लागले. तिथे ऐकू येतं का म्हणून कोणी विचारत नाही. पाय खाऱ्या पाण्याने फुटून निघाले. आणि सासूने त्यांच्याशी बोलणं टाकलं. एका घरात, एका चुलीवर, एक शब्द नाही. काही सांगायचं असलं तर मला सांगायची, "त्याला सांग." त्यांनी आणलेली मासळी खायची नाही, मी आणली म्हटलं तर खायची. मला जवळ बसवून डोक्याला तेल लावायची. तिचे हात केसांतून फिरायचे तेव्हा माझा जीव नकोसा व्हायचा.

अशी दोन वर्षं गेली. एक दिवस दुपारी हे तिच्यासाठी पेणहून चादर घेऊन आले. थंडीत तिचे गुडघे धरायचे. ती चादर तिने पायाने बाजूला सारली. हे चादरीची घडी करून परत कामावर गेले, आणि माझा तोल सुटला. मी तिच्यासमोर बसले आणि ओकले सगळं. ह्यांचे कान, नवसाचं खोटं, धोपाटणं, चिखल, सगळं. रडत होते, ओरडत होते. "आय, मला हाकल, मार, पण त्यांच्याशी बोल!"

तिने सगळं ऐकून घेतलं. मग पदराने माझं तोंड पुसलं.

"नवऱ्याला वाचवाया बोलतंस," म्हणाली. "बायमाणसाला गाडीतलं काय कळतं? येडी कुठली."

"शपथ घेते! त्यांना विचार!"

संध्याकाळी हे आल्यावर तिने विचारलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे बघून बोलली, "ही म्हणते ते खरं हाय का?" मी त्यांच्यासमोर हात जोडून उभी होते. त्यांनी तिच्या ओठांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"खोटं बोलते ती," म्हणाले. "मीच नाय बघितली चाकं."

त्या रात्री मी त्यांच्याशी भांडले, वाटेल ते बोलले. त्यांनी माझ्याकडे पाठ केली. ओठ दिसले नाहीत की त्यांच्यापुरतं भांडण संपायचं. मी बराच वेळ त्या पाठीला शिव्या देत होते. त्यानंतर मी सासूला पुन्हा सांगायचा प्रयत्न केला नाही. ती माझ्यावर आणखीनच जीव लावायला लागली, नवऱ्यासाठी स्वतःवर आळ घेणारी सून म्हणून. आळीत सांगत फिरायची. बायका माझं कौतुक करायच्या आणि मला कुठे तोंड लपवू असं व्हायचं.

पुढच्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. महिनाभर ह्यांनीच तिचं सगळं केलं. उचलून बाहेर नेणं, अंग पुसणं, कूस बदलणं. तेवढं ती डोळे मिटून करून घ्यायची. शेवटच्या दिवशी दुपारी श्वास लागला. आम्ही दोघं दोन बाजूंना बसलो होतो. "पाणी," म्हणाली. ह्यांच्या हातात वाटी होती, तुळशीचं पान बुडवून त्यांनी तिच्या ओठांशी नेलं. तिने ओठ घट्ट मिटले. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. त्यांनी ते आपल्या हाताने पुसलं आणि परत पान बुडवलं. तिने मान माझ्याकडे वळवली.

ह्यांनी वाटी माझ्यापुढे धरली. "तू दे," म्हणाले. "तुझ्या हातचं घेईल ती."

मी दिलं. ती दोन घोट प्यायली.